बसल्यावर उरते ती उंची : ध्यानाच्या उशीत काय भरावं?

घरातली सर्वांत मऊ उशी घ्या, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर मांडी घालून डोळे मिटून बसा. पहिली पाच मिनिटं फार सुखाची जातात. दहाव्या मिनिटाच्या सुमारास कंबर मागे कलायला लागते. विसाव्या मिनिटाला पाठीला पोक आलेला असतो, खांदे पुढे पडलेले असतात, एका पायाला मुंग्या आलेल्या असतात, आणि श्वासाकडे लागलेलं लक्ष केव्हाच गुडघ्याकडे वळलेलं असतं. उलट, खरखरीत घोंगडीची चौघडी करून तिच्यावर पोथी वाचत बसणारी आजी तासाभराने उठते, तेव्हा फार तर गुडघ्यावर हात टेकते. मऊ उशीवर त्रास आणि राठ घोंगडीवर आराम, हे कसं?

आजीला जन्मभराची सवय आहे, हे खरंच. पण सगळं सवयीवर ढकलून चालणार नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. तिथे दिवसाला सुमारे दहा तास बसायचं असतं. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली गेली, की रोज तीन वेळा एकेक तास, शक्यतो हातपाय न हलवता बसण्याचा ‘अधिष्ठाना’चा निश्चय करायचा असतो. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास चार-चार उशा आपल्या जागी नेऊन रचतो, आणि दोन-तीन दिवसांत त्यातल्या निम्म्या परत नेऊन ठेवतो. मऊपणाने प्रश्न सुटत नाही, हे त्याच्या कमरेला कळलेलं असतं. मग सुटतो कशाने, ते पाहू.

मांडी घातली की कमरेत काय होतं?

खुर्चीवर बसून दोन्ही हात तळवे वर करून नितंबांखाली घाला. दोन टणक टोकं हाताला लागतील. ही आपली बैठकीची हाडं. बसलेल्या माणसाचा बहुतेक भार या दोन टोकांवर असतो. ती ज्या हाडांच्या सापळ्याचा तळ आहेत, त्या कमरेच्या सापळ्याला शरीरशास्त्रात श्रोणी म्हणतात. पाठीचा कणा या श्रोणीवरच उभा असतो. म्हणून श्रोणी जिकडे कलेल, तिकडे कणा जातो.

उभं असताना कमरेच्या मागे कण्याला आत जाणारा हलका बाक असतो. आता सपाट जमिनीवर मांडी घाला. मांड्या वर उचलल्या जातात, खुबे खूप दुमडतात आणि नितंबांचे, मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले जाऊन श्रोणीला मागे ओढतात. भार बैठकीच्या हाडांवरून मागे, माकडहाडाकडे सरकतो. कमरेचा बाक आधी सपाट होतो, मग उलटा होतो. एवढं झाल्यावर पाठ ताठ ठेवायची, तर पाठीच्या स्नायूंना सतत ओढ धरून बसावं लागतं. ते थकले की पोक येतो.

बसण्याची जागा थोडी उंच केली की हे चित्र पालटतं. खुबे गुडघ्यांपेक्षा वर गेले, की मांड्या पुढे उतरत्या होतात. श्रोणी किंचित पुढे झुकायला मोकळी होते, कमरेचा नैसर्गिक बाक परत येतो आणि गुडघे जमिनीला टेकतात. मागे बैठक आणि पुढे दोन गुडघे अशा तीन टेकूंवर शरीर स्थिर होतं. पाठीला मग धरून बसावं लागत नाही, ती नुसती उभी राहते.

ध्यानाच्या उशीचं काम एवढंच आहे. पाण्याच्या घागरीखाली आपण चुंबळ घालतो, ती घागरीला मऊ वाटावं म्हणून घालत नाही. गोल बुडाची घागर कलंडू नये म्हणून घालतो. चुंबळ सैल वळली असेल तर ती कितीही मऊ कापडाची असो, घागर डुगडुगते. घट्ट वळलेली चुंबळ राठ सुतळीची असली तरी घागर जागची हलत नाही. श्रोणीखालच्या उशीचं अगदी तसंच आहे.

ही समज जुनी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचं आसन सांगताना ते फार उंच नको आणि फार सखलही नको, असं सांगून दर्भ, कातडं आणि वस्त्र असे थर दिले आहेत. त्या जागेवर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी कारणही दिलं आहे : आसन उंच झालं तर अंग डोलतं, सखल झालं तर जमिनीचा दोष लागतो. जपानमध्ये तेराव्या शतकात दोगेन या झेन आचार्यांनी बैठकीचे नियम लिहून ठेवले. खाली जाड चटई आणि वर गोल उशी, शिवाय ती उशी पूर्ण मांडीखाली घ्यायची नाही, फक्त मागच्या अर्ध्या भागाखाली घ्यायची, असं ते सांगतात. मला ही सूचना फार मोलाची वाटते, कारण आजही बहुतेक जण उशीच्या मधोमध बसतात. त्यामुळे मांड्यांना मागच्या बाजूने उशीची कड रुतते. मांडीच्या मागून जाणारी मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, तिथे दाबली जाते आणि पाय बधिर होतो. रक्त थांबलं म्हणून मुंग्या आल्या, असा सर्वसाधारण समज आहे, पण मुख्य कारण असतं ते नस दबण्याचं. उशीच्या पुढच्या एक तृतीयांश भागावर बसलं की मांड्या मोकळ्या राहतात.

आधी उंची ठरवा

भरण काय घ्यावं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुम्हाला उंची किती हवी. ती बाजारात जाऊन कळत नाही, घरातल्या चादरींवर कळते.

जाड सुती चादरींच्या किंवा सोलापुरी चादरींच्या चौकोनी, कडक घड्या करा आणि एकावर एक ठेवा. पुढच्या कडेवर बसून मांडी घाला. गुडघे अधांतरी असतील तर आणखी एक घडी घाला. गुडघे टेकले, पण कमरेत जास्त खोल बाक पडून तिथे चिमटा बसल्यासारखं वाटलं, किंवा अंग पुढे घसरायला लागलं, तर एक घडी काढा. दोन्हींच्या मधली जागा सापडली की तसेच अर्धा तास बसा. उठण्याआधी कोणाला तरी बसलेल्या स्थितीत घड्यांची उंची मोजायला सांगा. कोणी बसलेलं नसताना भरणारी उंची कामाची नाही. तुमच्या वजनाखाली उरते ती खरी उंची.

पुण्यातल्या अय्यंगार योगसंस्थेत प्राणायामाला बसताना घडी केलेली ब्लँकेटं वापरतात, ती याच हिशेबाने. खुबे मोकळे असलेल्या माणसाला पाच-सात सेंटिमीटर पुरतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला पंधरा-वीसही लागतात. त्यात कमीपणा काही नाही. इतकं करूनही एक गुडघा वर राहत असेल, तर त्याच्याखाली पंच्याची घडी सरकवावी. गुडघ्याचा जुना आजार असलेल्याने आणि शस्त्रक्रिया झालेल्याने खुर्चीवरच बसावं. तिथेही खुबा गुडघ्यापेक्षा जरा वर ठेवायचा नियम तोच.

आता भरणाकडे वळू. कुठल्याही भरणावर माणूस बसला की तीन गोष्टी घडतात. ते लगेच काही प्रमाणात दबतं. मग बसल्या बसल्या, नकळत, आणखी थोडं दबत जातं. आणि ते बाजूंना पसरतं. दुकानात अंगठ्याने दाबून पाहतो तेव्हा यातली पहिलीच गोष्ट कळते. त्रास होतो तो उरलेल्या दोन गोष्टींनी.

कापूस : आपला, स्वस्त आणि दुरुस्त होणारा

बोंडात वाढत असताना कापसाचा तंतू म्हणजे एक बारीक नळी असते. बोंड उकललं, ओल उडाली की ती नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. या पिळामुळेच कापसाचं सूत निघतं, कारण तंतू एकमेकांत अडकतात. गादीत मात्र हाच गुण हळूहळू दोष होतो. रोजच्या दाबाने तंतू एकमेकांत गुंतत जातात, मधली हवा निघून जाते आणि गाठी होतात.

त्यात ओलाव्याची भर पडते. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओलसर तंतू लवचिक राहत नाही. दाबला की दाबलेल्याच आकारात बसतो. म्हणून आपल्याकडे गाद्या उन्हात टाकायची रीत आहे. उन्हाने ओल जाते, तंतू पुन्हा ताठ होतात आणि गादी फुगते. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांनाही ओलसर हवा लागते, त्यामुळे कोरडं झालेलं भरण त्यांना मानवत नाही. दम्याच्या रुग्णांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

ऊन पुरेनासं झालं की पिंजारी. लांब दांड्याला ताणून बांधलेली तात कापसाच्या ढिगावर धरायची आणि लाकडी मोगरीने तिला ठोका द्यायचा. तात थरथरते, गुंतलेले तंतू एकेक करून सुटतात आणि वर उडतात. सरकीचे तुकडे, माती, पाचोळा जड असल्याने खाली पडतो. हातभर गाठोड्याचा खोलीभर कापूस होतो तो असा. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्र करतं, तत्त्व मात्र तेच आहे. भरलेली वस्तू उसवून, पिंजून, त्याच खोळीत पुन्हा नवी करता येणं ही कापसाची मोठी जमेची बाजू आहे.

उशीसाठी लांब, रेशमी धाग्याचा कापूस शोधू नये. आखूड, जाड, थोडा खरखरीत देशी वाणाचा कापूस बसण्यासाठी जास्त चांगला, कारण जाड तंतू सहज वाकत नाही. विदर्भात-मराठवाड्यात पूर्वी हाच पिकायचा. आता शेतं बहुतेक अमेरिकन वाणांच्या संकरित, बीटी कापसाची आहेत आणि देशी कापूस मुद्दाम शोधावा लागतो. शोधण्यासारखा तो आहे.

गादीवाल्याकडे गेलात की त्याच्या ढिगातून चिमूटभर कापूस हातात घ्या आणि हळूच दोन्ही बाजूंनी ओढा. निळे-लाल धाग्यांचे तुकडे दिसले तर तो चिंध्या पिंजून काढलेला माल आहे. त्यातले तंतू तुटके असतात, त्यांची उशी काही महिन्यांत दगड होते. मूठभर कापूस घट्ट आवळून सोडा. हळूहळू उमलला तर घ्या, गोळाच राहिला तर सोडून द्या.

भरण्याची पद्धतही पाहून घ्या. घाईने भरणारा कापूस मधोमध कोंबतो, मग उशीला घुमट येतो आणि बसणारा त्यावर डुलत राहतो. जाणता कारागीर आधी कडेने, शिवणीला लागून कापूस ठासतो, गोल बांध घातल्यासारखा, आणि मग मधली जागा भरतो. पस्तीस सेंटिमीटर व्यासाच्या, पंधरा सेंटिमीटर उंचीच्या गोल उशीला दोनेक किलो कापूस सहज लागतो. नवी उशी हवीय त्यापेक्षा दोन-तीन बोटं उंच करून घ्या. पहिल्या महिन्यातच ती तेवढी बसते.

सावरीचा कापूस : न भिजणारा

जपानी पद्धतीच्या गोल उशीत, म्हणजे झाफूमध्ये, परंपरेने भरतात तो कपोक नावाच्या झाडाच्या बोंडातला कापूस. आपल्याकडे त्या झाडाला पांढरी सावर म्हणतात. आपली काटेसावर तिची जवळची नातेवाईक. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेल्या या झाडाची बोंडं वैशाखाच्या सुमारास फुटतात आणि झाडाखाली रेशमी कापूस उडायला लागतो. खेडोपाडी त्याच्या उशा पूर्वीपासून भरतात.

हा तंतू कापसासारखा चपटा होत नाही. वाळल्यावरही नळीच राहतो. नळीची भिंत इतकी पातळ, की तंतूच्या आकारमानातला सुमारे ८० टक्के भाग हवेचाच असतो. वर मेणाचा पातळ लेप असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. या गुणामुळे दुसऱ्या महायुद्धापर्यंत जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत कपोकच भरत. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतल्यावर अमेरिकेचा पुरवठा तुटला, तेव्हा जाकिटांत भरण्यासाठी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीड नावाच्या झुडपाची बोंडं गोळा केली. आपली रुई त्याच कुळातली. तिच्या बोंडातून उडणाऱ्या ‘म्हाताऱ्या’ लहानपणी सगळ्यांनीच पकडल्या असतील.

बसण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा : उशी हलकी होते, फार गरम होत नाही आणि कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात कापसासारखी ओल धरत नाही. मुंबई-गोव्याच्या हवेसाठी मला हेच भरण सर्वांत योग्य वाटतं. पण तंतू गुळगुळीत आहे, एकमेकांत अडकत नाही. सैल भरला तर नळ्या चेपतात आणि उशी पोळीसारखी सपाट होते. म्हणून तो ठासूनच भरावा लागतो, इतका, की भरलेली उशी हाताला जवळजवळ लाकडासारखी लागावी. पहिल्या बैठकीला ती कठीण वाटेल, आठवडाभराने बैठकीच्या हाडांपुरती जागा करून देईल. एकदा चेपलेल्या नळ्या पिंजून पूर्ववत होत नाहीत, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी नव्या कापसाची भर घालावी लागते. आणि हा तंतू चटकन पेट घेतो. समई, उदबत्तीजवळ ही उशी ठेवू नका.

टरफलं : कण अडकतात कसे?

कुट्टू हे उपवासाचं पीठ उत्तर भारतात जास्त चालतं. आपल्याकडे वरी, राजगिरा, शिंगाडा. हिमालयाच्या उतारांवर पिकणाऱ्या कुट्टूचा दाणा तीन धारांचा असतो. दळण्याआधी दाणा काढला की उरतं ते काळपट, कडक, तीन कडांचं, आतून पोकळ टरफल. जपानमध्ये या टरफलांच्या उशा घरोघरी वापरतात, आणि कपोकप्रमाणे ध्यानाच्या उशीतही ती भरतात.

या उशीवर बसलं की आधी सळसळ होते. टरफलं सरकतात, बैठकीच्या हाडांखालून बाजूला होतात. मग अचानक सरकणं थांबतं. कडेला कड अडकते, एका टरफलाचा कोपरा दुसऱ्याच्या पोकळीत बसतो आणि सगळा ढीग एकसंध होतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवून दिलं, की दाटून बसलेल्या कणांना एकमेकांवरून सरकायचं असेल तर आधी त्या ढिगाला थोडं फुगावं लागतं. खोळ घट्ट असेल तर फुगायला जागाच नाही, मग कण जागचे हलत नाहीत. उशीने तुमच्या बैठकीचा साचा घेतलेला असतो आणि तो तसाच धरून ठेवलेला असतो. चाळिसाव्या मिनिटाला ती पहिल्या मिनिटाइतकीच उंच असते. तंतूंच्या कुठल्याही भरणाला हे इतकं चांगलं जमत नाही.

आकाराचा हा खेळ ध्यानात घेतला की घरच्या घरी सुचणारे पर्याय का फसतात तेही कळतं. तान्ह्या बाळाला आपण मोहरीची उशी करतो. मोहरी गोल, गुळगुळीत, डोकं हलेल तशी लोळत जाते, आणि तिथे तेच हवं असतं. बसायच्या उशीत तेच नडतं, मोहरी भाराखालून पळत राहते. शिवाय तेलबी, कालांतराने खवट होते. भाताचा तूस कोकणात फुकट मिळतो, पण त्याचं टरफल चपट्या होडीच्या आकाराचं असतं. होड्या एकात एक बसत जातात आणि उशी खाली जाते. तुसात सिलिका भरपूर, टोकं अणकुचीदार, कापडातून टोचतात आणि बारीक धूळ सुटते. तूस भट्टीला चांगला, उशीला नको.

कुट्टूच्या टरफलांचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. चेन उघडायची, दोन वाट्या काढायच्या किंवा घालायच्या. घरातल्या चौघांना एकच उशी पुरते. हवा खेळती राहते, उन्हाळ्यात घाम येत नाही. तोटेही आहेत. उशी अडीच-तीन किलोंची होते, प्रवासात नेणं जिवावर येतं. हललं की आवाज होतो, शांत सभागृहात तो शेजाऱ्याला जातो. काही वर्षांनी कडा झिजून भुगा होतो, तेव्हा टरफलं चाळून नवी भर घालावी लागते. ती नीट साफ केलेली नसतील, पिठाचे कण चिकटलेले असतील, तर पोरकिडे होतात. नवी टरफलं पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवली आणि मग उन्हात पसरली की तो धोका बराच टळतो. धुवायची मात्र कधीच नाहीत. आणि एक गंभीर गोष्ट : काही जणांना कुट्टूची अॅलर्जी असते. जपान आणि कोरियात या टरफलांच्या उशांमुळे दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर होत असेल तर ही उशी वापरू नये.

फोम आणि इतर

फोमच्या दुकानात गेलं की ‘बत्तीसची देऊ का चाळीसची?’ असं विचारतात. तो आकडा डेन्सिटीचा, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो त्याचा. जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त कडक, असं आपण धरून चालतो, दुकानदारही तसंच सांगतो. ते खरं नाही. डेन्सिटीवरून फोम टिकेल किती ते कळतं, कडकपणा ही वेगळी मोजणी आहे. चाळीसचा मऊ फोम असतो आणि अठ्ठावीसचा कडकही असतो.

फोम म्हणजे बारीक पोकळ घरांचं जाळं. भार पडला की घरांच्या भिंती वाकतात, एका मर्यादेपर्यंत पुन्हा सरळ होतात. भार जास्त झाला की सगळी घरं मिटतात आणि माणूस तळाला लागतो. वजनदार व्यक्ती मऊ फोमवर बसली की नेमकं हेच होतं. ऊब आणि घाम यांनी भिंती हळूहळू ढिल्या पडतात, म्हणून उशी वर्षभरात मधोमध खोलगट होते. फोमच घ्यायचा असेल तर फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला, रंगीबेरंगी दिसणारा रीबाँडेड फोम घ्या. दिसायला सुंदर नाही, पण बसायला इतर फोमांपेक्षा कितीतरी भक्कम. मेमरी फोम १९६० च्या दशकात नासासाठी विमानांच्या आसनांकरता तयार झाला. उबेने मऊ होऊन हळूहळू खाली जाणं हाच त्याचा धर्म. ध्यानाच्या उशीत तो घालू नये.

पॉलिएस्टरचं पोकळ फायबर झोपायच्या उशीत ठीक. त्याच्या तंतूंवर सिलिकॉनचा गुळगुळीत लेप असतो, भाराखाली ते बाजूला निसटतात. बीन बॅगेतले थर्मोकोलचे मणी तर गोलही आणि चेपणारेही. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खालची बैठक

गोल उशी कितीही चांगली असो, तिच्याखाली चौकोनी बैठक हवीच. घोटे आणि गुडघे टेकतात ते तिच्यावर. जपानी लोक जाड, भरलेलं झाबुतोन घालतात. आपल्याकडे घोंगडी आहे आणि तिला तोड नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, धनगरांकडून ती येते, सणगर विणतात, आणि चिंचोक्याची खळ लावून तिला ताठपणा देतात. लोकरीच्या तंतूला जन्मजात नागमोडी वळणं असतात. दाब गेला की ती पुन्हा वळतात, म्हणून घोंगडी वर्षानुवर्षं चपटी होत नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल शोषते तरी हाताला ओली लागत नाही. थंड फरशीवर बसणाऱ्याला याचं मोल कळतं. वैरी एकच, कसर. घडी घालून ठेवताना कडुनिंबाचा पाला घालावा आणि महिन्याकाठी उन्हात झटकावी. घोंगडी टोचत असेल तर वर सुती चादर. घोंगडी मिळत नसेल तर काथ्याची, रबर लावलेली पातळ गादी चालते. काथ्याचा तंतू राठ असल्याने तोही सहजासहजी चेपत नाही.

चौकट : कोणी काय घ्यावं?

*नव्याने सुरुवात करणारे* : काहीच विकत घेऊ नका. महिनाभर चादरींच्या घड्यांवर बसा, उंची नक्की होऊ द्या.

*देशावर, कोरड्या हवेत राहणारे* : ठासून भरलेला देशी कापूस.

*कोकण, गोवा, मुंबई* : सावरीचा कापूस, तोही घट्ट.

*लांब बैठका करणारे, कंबर दुखणारे, एकच उशी अनेकांत वापरणारे* : कुट्टूची टरफलं. अॅलर्जी नसल्याची खात्री करून.

*सतत प्रवास करणारे* : रीबाँडेड फोमचा तुकडा, सुती खोळीत.

*गुडघ्यांना त्रास असणारे* : वैद्याला विचारून, शक्यतो खुर्ची.

गादीवाल्याला काय सांगायचं?

तयार उशी घेण्यापेक्षा शिवून घेणं मला नेहमी बरं वाटतं. दुकानातल्या सुंदर छापाच्या उशांवर आत काय आहे हे बहुधा लिहिलेलंच नसतं, आणि असलं तरी आत हात घालायला वाट नसते. जवळच्या गादीवाल्याकडे जा. दोन गोल तुकडे आणि मधली पट्टी असं माप द्या. पट्टीला बाहेरून चुण्या घालायला सांगा, म्हणजे भरणाचा दाब शिवणीवर न येता चुण्यांत वाटला जातो. आतली खोळ जाड मांजरपाटाची, दुहेरी शिवणीची. टरफलं भरायची असतील तर कापड आणखी घट्ट विणीचं घ्या, नाहीतर भुगा बाहेर येतो. आतल्या खोळीला हात जाईल एवढी चेन बसवा. वरचा अभ्रा वेगळा, काढून धुता येईल असा.

तयार झाल्यावर दुकानातच खाली ठेवून बसून बघा, आणि चादरींच्या घड्यांवर मोजलेली उंची तिथे ताडून पाहा. कमी वाटली तर त्याच वेळी आणखी भरून घ्या. निघताना पावशेर कापूस वेगळ्या पिशवीत मागून घ्या. दिवाळीपर्यंत तो लागेल.